पंक्चर झालेलं चाक बदलताना : क्रमामागचं विज्ञान

इयत्ता : ९ वी, १० वी (आणि घरी चारचाकी असलेले सगळे पालक)
संबंधित घटक : साधी यंत्रे, गतीचे नियम, कार्य आणि ऊर्जा
साहित्य : एक कार, तिच्याच डिकीतला जॅक, नटांचा पाना, स्टेपनी, लाल त्रिकोण, दोन विटा किंवा लाकडी ठोकळे, खडू, मोजपट्टी



पुढच्या पालकसभेत एक साधा प्रश्न विचारून पहा. "तुमच्या गाडीची स्टेपनी तुम्ही शेवटची कधी पाहिली होती?" बरेच जण नुसते हसतात. काहींना ती डिकीतल्या गालिच्याखाली आहे एवढं माहीत असतं. जॅक कुठे ठेवलाय हे तर फारच थोड्यांना सांगता येतं. आणि या गाड्यांतूनच आपण मे महिन्यात रात्री-अपरात्री कोकणात, गावाकडे, देवदर्शनाला जातो. मागच्या सीटवर मुलं झोपलेली असतात.

चाक बदलणं हे खरं तर अवघड काम नाही. एकदा हात बसला की वीस-पंचवीस मिनिटांत होतं. यात माणसं गंभीर जखमी होतात ती मुख्यतः दोन कारणांनी. गाडी जॅकवरून घसरते, किंवा मागून येणारं वाहन अंगावर येतं. म्हणजे धोका चाकात नाही. धोका आहे जागेत आणि क्रमात. म्हणून हा पाठ घेताना "पाना कसा धरायचा" यापेक्षा "कुठे थांबायचं, आधी काय, नंतर काय आणि का" यावर जास्त वेळ द्यावा असं मला वाटतं. मुलांना क्रम पाठ करायला सांगितला तर परीक्षेनंतर विसरतील. प्रत्येक पायरीमागचं कारण कळलं तर क्रम आपोआप लक्षात राहतो.

इथे चाक बदलायचं का?

पहिला प्रश्न हाच. टायरमधली हवा गेली की गाडी एका बाजूला ओढायला लागते, स्टिअरिंग जड होतं, फटफट असा आवाज येतो. अशा वेळी जोरात ब्रेक दाबायचा नाही. स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरायचं, ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू काढायचा, गाडीचा वेग आपोआप कमी होऊ द्यायचा आणि डावा इंडिकेटर देऊन कडेला यायचं.

कडेला म्हणजे नेमकं कुठे? इथे आपली मोठी चूक होते. टायर खराब होईल, रिम वाकेल या भीतीने लोक जिथे पंक्चर झालं तिथेच थांबतात. मग ते वळण असो, पूल असो की घाट. टायरला काही हजार रुपये लागतात, हे खरं. पण वळणावर रस्त्याकडे पाठ करून बसलेल्या माणसाची किंमत त्यात नाही. चारही इंडिकेटर चालू करून, चालण्याच्या वेगाने गाडी पुढे न्यायची. पेट्रोल पंप, ढाबा, एखादं रुंद सपाट मैदान, जिथे गाडी रस्त्यापासून पूर्ण बाहेर येईल तिथपर्यंत. टायर गेला तर गेला.

मुलांना हे गणिताने पटवता येतं. ताशी ८० किमी म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर. चालकाला समोर काहीतरी आहे हे कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा. तेवढ्यात गाडी ३३ मीटर पुढे आलेली असते, ब्रेक न लागता. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर सेकंदाला ६ मीटर प्रति सेकंद या दराने वेग कमी होतो असं धरलं, तर थांबायला आणखी ४१ मीटर लागतात. एकूण सुमारे ७५ मीटर. हेच गणित ताशी १०० किमीला केलं तर उत्तर १०५ मीटरच्या आसपास येतं, आणि ६० ला जेमतेम ४८. फळ्यावर तिन्ही उत्तरं एकाखाली एक लिहा. वेग ६० वरून १०० झाला म्हणजे पावणेदोन पटही वाढला नाही, अंतर मात्र दुपटीच्या पुढे गेलं. v² = u² + 2as हे सूत्र मुलांनी आधीच पाहिलेलं असतं, पण त्यातला वर्ग म्हणजे काय हे इथे नीट पोचतं. पावसात घर्षण कमी, म्हणजे अंतर आणखी वाढणार.

आता याच गणितातून लाल त्रिकोण कुठे ठेवायचा ते ठरवा. नव्या गाडीसोबत हा घडीचा परावर्तक त्रिकोण मिळतो. पुष्कळांच्या गाडीत तो अजून प्लॅस्टिकच्या पिशवीतच असतो. गाडीला टेकवून ठेवलेला त्रिकोण काही कामाचा नाही. गावातल्या रस्त्यावर ५० मीटर, म्हणजे मोठ्या माणसाची साधारण ७० पावलं मागे. वेगवान रस्त्यावर १०० मीटर किंवा जास्त. वळण असेल तर वळणाच्या अलीकडे, म्हणजे येणाऱ्याला वळण्यापूर्वीच दिसेल असा. ठेवायला जाताना रस्त्याच्या कडेकडेने, समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चालायचं. रात्र असेल तर मोबाईलचा टॉर्च लावून.

आपल्याकडे ट्रकवाले त्रिकोणाऐवजी दगड मांडतात, झाडाच्या फांद्या टाकतात. नाइलाज असेल तर तेही ठीक. पण काम झाल्यावर दगड तिथेच ठेवून निघून जातात आणि रात्री त्याच दगडावर एखादा मोटारसायकलवाला आपटतो. त्रिकोण असो, वीट असो की दगड, मांडलं ते उचलायचं. हे मुलांना आवर्जून सांगा. उद्या तीच मोटारसायकल चालवणार आहेत.

द्रुतगती मार्गावर मात्र माझं मत स्पष्ट आहे. तिथे चाक स्वतः बदलायचं नाही, निदान रस्त्याकडच्या म्हणजे उजव्या बाजूचं तर नाहीच. सगळ्यांनी डाव्या दाराने उतरायचं, लोखंडी कठड्याच्या पलीकडे जाऊन उभं राहायचं आणि मदत बोलवायची. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा मदत क्रमांक आहे, आणि जिवाला धोका वाटला तर कुठूनही ११२. वाट पाहताना गाडीत बसून राहू नये. धडक बसली तर ती गाडीलाच बसते. "एवढंसं चाक बदलायला काय मदत बोलवायची" असा कमीपणा वाटून घेऊ नका.

गाडी जागची हलता कामा नये

जागा सपाट आणि कडक हवी. उतारावर जॅक लावायचा नाही, कितीही घाई असली तरी. इंजिन बंद, किल्ली काढलेली, हँडब्रेक पूर्ण ओढलेला, गाडी पहिल्या किंवा रिव्हर्स गिअरमध्ये. ऑटोमॅटिक असेल तर 'पी' वर. गाडीतली सगळी माणसं बाहेर. झोपलेलं बाळसुद्धा. "त्याला कशाला उठवायचं" म्हणून आजी आत बसून राहतात, तर आजींनाही बाहेर यावं लागेल. आतली हालचाल म्हणजे जॅकवर हलणारं वजन.

इथे मुलं हमखास विचारतात, "सर, गिअर टाकलाय, हँडब्रेक ओढलाय, मग चाकाला वीट कशाला?" प्रश्न चांगला आहे आणि उत्तर त्याहून चांगलं.

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिनाची ताकद पुढच्या दोन चाकांना जाते. या दोन चाकांच्या मधे डिफरन्शियल नावाची दातेरी चाकांची रचना असते. वळण घेताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, आतल्याला कमी, म्हणून दोघांना वेगळ्या वेगाने फिरता यावं यासाठी ती असते. आता गाडी गिअरमध्ये ठेवून बंद केली की डिफरन्शियलकडे येणारा दांडा अडकतो. दोन्ही चाकं जमिनीवर असतात तोवर गाडी हलत नाही. पण तुम्ही पुढचं एक चाक हवेत उचललं की ते चाक उलट दिशेने मोकळं फिरू शकतं, आणि त्याच्या बदल्यात जमिनीवरचं दुसरं चाक सुलट फिरू शकतं. म्हणजे गिअर टाकलेला असूनही पुढच्या बाजूने गाडी मोकळी! 'पी' वर ठेवलेल्या ऑटोमॅटिकचंही असंच. मग गाडीला धरून ठेवतो तो फक्त हँडब्रेक, जो बहुतेक गाड्यांत मागच्या दोन चाकांवर असतो. त्याची केबल सैल झाली असेल तर? म्हणून वीट.

वीट कुठे लावायची? जे चाक काढायचं त्याच्या तिरक्या समोरच्या चाकाला. पुढचं डावं काढायचं असेल तर मागच्या उजव्याला, पुढून आणि मागून दोन्हीकडून. वीट नसेल तर चांगला मोठा, टोकदार बाजूने टायरखाली घुसणारा दगड. म्हणजे पाचरच, साध्या यंत्रांपैकी एक.

आधी नट सैल, मग जॅक

या पाठातली सगळ्यात महत्त्वाची पायरी ही. आणि उलटी होते तीही हीच. गाडी उचलून ठेवायची आणि मग पान्याला लटकून नट सोडवायचे. यात दोन गोष्टी होतात. चाक हवेत असलं की नटाबरोबर चाकच फिरायला लागतं. आणि त्याहून वाईट म्हणजे आपण पान्याला मारलेला प्रत्येक झटका जॅकवर तोललेल्या गाडीला बसतो.

झटका किती असतो ते काढू. कारच्या नटांना लागणारं बल आघूर्ण साधारण ८५ ते १२० न्यूटन-मीटर असतं, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. आपण सोपं म्हणून १०० धरू. पाना २५ सेंटीमीटर लांब, म्हणजे पाव मीटर. १०० भागिले ०.२५ बरोबर ४०० न्यूटन. म्हणजे चाळीस किलो वजनाएवढा जोर पान्याच्या टोकावर! नववीतला मुलगा जवळजवळ अख्खा पान्यावर उभा राहिला तर एवढा होतो. आणि बरेच दिवस न उघडलेला, गंजलेला नट याहून जास्त मागतो. एवढा झटका जॅकवरच्या गाडीला देऊन चालेल का, असं मुलांनाच विचारा.

पाना अर्धा मीटर लांब असता तर? २०० न्यूटन, म्हणजे वीस किलो. तरफेचं तत्त्व मुलांना इतकं हातात आलेलं मी दुसऱ्या कुठल्याही प्रयोगात पाहिलेलं नाही. म्हणूनच लांब होणारा पाना विकत मिळतो, आणि ज्या घरात आई, आजोबा किंवा नुकताच परवाना मिळालेली मुलगी एकटी गाडी नेते त्या घराने तो जरूर घ्यावा. ताकदीचं काम म्हणून जे बायकांना सांगितलं जात नाही, ते खरं तर लांबीचं काम आहे.

पाना धरण्याची रीतही यातच येते. नट घड्याळाच्या उलट दिशेला फिरवला की सुटतो. आपण चाकाकडे तोंड करून बसलो असताना पाना नटावर असा बसवायचा की दांडा आपल्या डाव्या हाताला आडवा येईल. मग खाली दाबलं की नट सुटण्याच्या दिशेला फिरतो. वर ओढण्यापेक्षा खाली दाबणं बरं, कारण शरीराचं वजन कामी येतं आणि कंबर वाचते. दांडा आडवा असतानाच जोर सगळ्यात जास्त लागू पडतो, कारण वजन खाली आणि दांडा आडवा म्हणजे काटकोन. नट फक्त अर्धा-एक फेरा सैल करायचे. काढायचे नाहीत. गाडीचा भार अजून त्या चाकावर आहे.

जॅक : दीडशे ज्यूल आणि एक विश्वास न ठेवण्यासारखी वस्तू

गाडीसोबत येतो तो बहुधा कात्रीसारखा उघडणारा जॅक. त्याच्या मधून एक लांब स्क्रू गेलेला असतो. छोटी गाडी ९०० ते १००० किलोची धरली तर एका चाकाच्या वाट्याला २५० ते ३०० किलो येतात, पुढे इंजिन असल्यामुळे थोडे जास्त. ३०० किलोचा भार ५ सेंटीमीटर उचलायला कार्य किती? ३०० × ९.८ × ०.०५ बरोबर १४७ ज्यूल. आता १५ किलो तांदळाची गोणी एक मीटर उचलायचं कार्य काढायला सांगा. १५ × ९.८ × १. तेही १४७ ज्यूल! म्हणजे दहावीची कोणतीही मुलगी गाडीचा कोपरा उचलू शकते, फक्त ते काम स्क्रूने छोट्या छोट्या फेऱ्यांत वाटून दिलं पाहिजे. प्रत्यक्षात स्क्रूच्या आट्यांमधल्या घर्षणामुळे याहून बरंच जास्त कार्य लागतं. पण ते घर्षण वाया जात नाही. त्याच्यामुळेच हात सोडला तरी जॅक आपोआप उलटा फिरून खाली येत नाही.

जॅक कुठेही लावायचा नाही. दाराच्या खाली, चाकाच्या जवळ, पत्र्याची जी जाड शिवण असते तिला दोन खाचा असतात. त्या खाचांच्या मधे जॅकचं डोकं बसतं. पुस्तिकेत चित्र असतं. दुसरीकडे लावला तर तळाचा पत्रा आत जातो आणि गाडी घसरते. खाली माती असेल, विशेषतः पावसाळ्यातली रस्त्याकडेची साइडपट्टी, तर जॅकखाली जाड फळी ठेवायची. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. जॅकची तळाची पट्टी तळहाताएवढी, तिच्यावर तीनशे किलो. चिखलात ती रुतणारच, आणि सरळ न रुतता एका बाजूने रुतणार.

उचलायला सुरुवात करण्याआधी स्टेपनी बाहेर काढून जॅकच्या शेजारी, गाडीच्या कडेखाली आडवी सरकवून ठेवा. जॅक घसरलाच तर गाडी जमिनीवर न येता स्टेपनीवर टेकते. जुने ड्रायव्हर हे न सांगता करतात. चाक काढलं की ते तिथे सरकवायचं आणि स्टेपनी ओढून घ्यायची. गाडीखाली नेहमी एक चाक असलं पाहिजे.

आणि हा नियम फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा: फक्त जॅकवर असलेल्या गाडीखाली शरीराचा कोणताही भाग जाता कामा नये. नट घरंगळून आत गेला तरी हात घालायचा नाही. काठीने किंवा पान्याने ओढून घ्यायचा. जॅक उचलण्यासाठी आहे, धरून ठेवण्यासाठी नाही. गॅरेजमध्येही खाली काम करायचं असेल तेव्हा वेगळे लोखंडी स्टँड लावतात.

सपाट झालेला टायर जमिनीपासून सुटला की थांबू नका, आणखी चार-पाच सेंटीमीटर उचला. हवा भरलेली स्टेपनी खाली बसलेल्या टायरपेक्षा जास्त जागा घेते. आता नट पूर्ण काढायचे आणि एका वाटीत किंवा व्हील कॅपमध्ये ठेवायचे, रस्त्यावर नाही. चाक दोन्ही बाजूंनी धरून सरळ आपल्याकडे ओढायचं. खालून हात घालून नाही.

कधी कधी नट निघतात पण चाक निघत नाही. आमच्या खाऱ्या हवेत तर हे फार होतं, रिम हबला गंजाने चिकटते. लाथा मारून, हिसके देऊन ओढू नका, गाडी जॅकवर आहे. सगळे नट दोन-तीन आटे परत चढवा, जॅक खाली घेऊन गाडीचा भार चाकावर येऊ द्या. बहुतेक वेळा तेवढ्या भारानेच गंज सुटतो. मग परत उचला.

नट घट्ट करणं : तबला लावतात तसं

स्टेपनी लावण्याआधी हबचा आणि रिमचा एकमेकांना टेकणारा भाग फडक्याने पुसून घ्या. कारण ऐकण्यासारखं आहे. आपल्याला वाटतं गाडीचं वजन त्या चार-पाच बोल्टांवर टांगलेलं असतं. मुख्य काम वेगळंच चालतं. प्रत्येक नट रिमला हबवर काही टनांच्या जोराने दाबून धरतो आणि त्या दाबामुळे तयार झालेलं घर्षण चाकाला जागेवर ठेवतं. मधे चिखल किंवा खडा राहिला तर तो नंतर चुरडतो, दाब कमी होतो, नट सैल होतात. याच कारणाने आट्यांना तेल किंवा ग्रीस लावायचं नाही. "पुढच्या वेळी सहज निघावा" म्हणून लोक लावतात. तेल लावलेला नट तेवढ्याच जोरात प्रमाणाबाहेर आवळला जातो आणि बोल्ट ताणला जातो.

नटाची एक बाजू निमुळती असते. ती रिमकडे. उलटा लावला तर तो रिमच्या खळग्यात बसतच नाही. काही युरोपीय बनावटीच्या गाड्यांत नटाऐवजी बोल्ट असतात, मग चाक एका हाताने धरून पहिला बोल्ट लावताना थोडी कसरत होते.

आधी सगळे नट बोटांनी बसवा. आटे वाकडे चढले तर बोटांना लगेच कळतं, पान्याला कळत नाही. मग पान्याने हलके टेकवा. गाडी हवेत असताना पूर्ण जोर द्यायचा नाही, कारण तेच जे वर सांगितलं. जॅक खाली घ्या, गाडी जमिनीवर आली की जॅक काढा, आणि मग शेवटचा आवळ द्या.

तोही समोरासमोर. चार नट असतील तर वरचा, मग खालचा, मग डावा, मग उजवा. पाच असतील तर एक सोडून एक, म्हणजे चांदणी काढतो तसं. एका फेरीत नाही, दोन-तीन फेऱ्यांत. तबला लावताना वादक एका घरावर हातोडी मारली की समोरच्या घरावर मारतो. ओळीने एकाच बाजूने ताणत गेलं तर पुडी एकीकडे ओढली जाते. इथेही एका बाजूचे नट आधी घट्ट केले तर रिम तिरकी बसते, आणि नंतरचे नट घट्ट वाटले तरी खरे घट्ट नसतात. आता पान्याचा दांडा उजव्या हाताला आडवा, आणि खाली दाब. पान्यावर उड्या मारायच्या नाहीत.

पन्नास ते शंभर किलोमीटर गेल्यावर नट पुन्हा एकदा तपासा. हे जवळपास कोणीच करत नाही.

पंक्चरच्या दुकानाबद्दल जाता जाता एक. आता तिथे हवेच्या दाबावर चालणारी मशीन असते, घर्र घर्र करून क्षणात नट बसतात. आणि इतके बसतात की पुढच्या वेळी रस्त्यावर घरच्या पान्याने सुटतच नाहीत. दुकानदाराला विनंती करावी, "दादा, शेवटचा आवळ हाताने द्या." बहुतेक जण आनंदाने देतात.

स्टेपनी

शब्दाची गंमत मुलांना आवडते. सुरुवातीच्या मोटारींना जादा चाकच नसायचं. पंक्चर झालं की रस्त्यातच टायर सोलून ट्यूब जोडायची. वेल्समधल्या लानेली या गावी डेव्हिस बंधूंनी १९०४ च्या सुमारास एक हवा भरलेली जादा रिम विकायला काढली, ती पंक्चर झालेल्या चाकावरच आवळून बसवायची. त्यांचं दुकान स्टेपनी स्ट्रीटवर होतं, म्हणून ती 'स्टेपनी'. तिच्या गावी हा शब्द केव्हाच मागे पडला, आपल्याकडे मात्र तो घरचा झाला. ब्राझीलमध्येही जादा चाकाला 'एस्तेपे' म्हणतात.

स्टेपनीत हवा नसेल तर वरचं सगळं फुकट. ती न वापरताही हळूहळू उतरते. महिन्यातून एकदा पंपावर चार चाकांची हवा पाहताना पाचवीचीही पाहायची. डिकी सामानाने भरण्याच्या आधी, नंतर नाही! दाब किती हवा ते चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतं.

बऱ्याच नव्या गाड्यांत स्टेपनी बाकी चाकांपेक्षा लहान किंवा अरुंद असते. तिच्यावर बहुधा ताशी ८० किमीची मर्यादा छापलेली असते. ती पंक्चरच्या दुकानापर्यंत पोचण्यासाठी आहे, उरलेली सहल करण्यासाठी नाही. आणि काही गाड्यांत स्टेपनी नसतेच. २०२० साली नियम बदलला. ट्यूबलेस टायर, पंक्चर दुरुस्तीचं किट आणि टायरमधला दाब दाखवणारी यंत्रणा असेल तर छोट्या प्रवासी गाडीला जादा चाक सक्तीचं राहिलं नाही. गाडी घेतानाच हे विचारून घ्यावं.

शाळेत हा पाठ कसा घ्यावा

मुख्याध्यापकांची परवानगी, सपाट मैदान, आणि ज्याला हे काम नीट येतं असा एक मोठा माणूस. पालकांपैकी कोणी मेकॅनिक किंवा चालक असतील तर त्यांनाच पाहुणे म्हणून बोलवा. आपल्या वडिलांना वर्गासमोर शिकवताना पाहून त्या मुलाचा चेहरा बघण्यासारखा असतो.

गाडीभोवती दोन मीटरवर खडूने रेघ मारा. जॅक वर असताना मुलं रेघेच्या बाहेर, एकही आत नाही. मुलांनी स्वतः करायच्या गोष्टी म्हणजे वीट लावणं, जॅकची खाच शोधणं, पावलांनी त्रिकोणाचं अंतर मोजणं, आणि गाडी चारही चाकांवर उभी असताना एक नट सैल करून परत घट्ट करणं. हा नट प्रत्येकाला करू द्या, मुलींना आधी. शेवटी मोठ्या माणसाने सगळे नट पुन्हा तपासायचे. दोन तासिका लागतात.

घरी पालकांनी एका रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये किंवा अंगणात एकदा पूर्ण चाक काढून परत लावून पहावं. जॅकचा दांडा सापडत नाही, पाना दुसऱ्याच गाडीचा आहे, स्टेपनीत हवा नाही, हे सगळं तिथे कळलेलं बरं. खंबाटकी घाटात पावसात कळण्यापेक्षा.

स्वाध्याय

१. ताशी ६० किमी वेगाने ओल्या रस्त्यावर गाडीचा वेग सेकंदाला फक्त ३ मीटर प्रति सेकंद या दराने कमी होत असेल, तर थांबेपर्यंत एकूण किती अंतर लागेल? (प्रतिक्रिया वेळ दीड सेकंद)

२. तुमच्या घरच्या किंवा शेजारच्या गाडीचा पाना मोजा. १०० न्यूटन-मीटरसाठी त्याच्या टोकावर किती बल लागेल?

३. मागचं डावं चाक काढायचं आहे. वीट कोणत्या चाकाला लावाल? गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असेल, तर या वेळी गिअरचा उपयोग होईल का? कारण द्या.

४. घरच्या गाडीतल्या स्टेपनीची हवा मोठ्यांबरोबर जाऊन तपासा. किती पीएसआय निघाली आणि किती हवी होती, ते वहीत लिहून आणा.